गाळलेली मिनिटे

हरेश पहिल्यांदा माझ्या नजरेत भरला तो आठवीत, मराठीच्या तासाला. कशेळ्याच्या शाळेत माझी बदली होऊन जेमतेम आठवडा झाला होता. धडा वाचायला उठवले, तर या मुलाने अख्खे पान एका श्वासात वाचून काढले. शेवटच्या ओळीला आवाज सुतासारखा बारीक झाला, कान लालबुंद झाले, पण तो थांबला नाही. वर्ग हसत होता.

"अरे, मध्ये थांबायचं असतं," मी म्हटले.

"बाई, दम सुटला तर बाद," असे म्हणून तो धापा टाकत खाली बसला.

"कबड्डी खेळतो तो, बाई," मागच्या बाकावरून जना नावाच्या मुलीने खुलासा केला. "जेवतानाबी दम धरतो."

पुढे तो खरोखरच मोठा चढाईपटू झाला. आधी जिल्ह्याच्या संघात, मग राज्याच्या, आणि तिथून टीव्हीवर दिसणाऱ्या लीगमध्ये. भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेल्या विनिताशी त्याचे लग्न झाले. मी निवृत्त होऊन कर्जतला आले तरी दिवाळीत दोघे न चुकता येत. पायांना हात लावताना त्याला कमरेत वाकायला त्रास होई, आणि तो हसत म्हणे, "बाई, मशीन जुनं झालं."

तीन वर्षांपूर्वी गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी त्याला घरी बसवले, तेव्हा त्याने पॉडकास्ट सुरू केला. नाव ठेवले 'एका दमात'. खेळाडू पत्रकाराला जे सांगत नाही ते खेळाडूला सांगतो, एवढाच त्यामागचा विचार होता. घरामागच्या भाताच्या खोलीत कणग्या एका अंगाला सरकवल्या, भिंतींना गोधड्या टांगल्या, दोन माईक आणले. तो पाहुण्याशी बोलायचा, आणि विनिता नंतर त्यातले नको ते कापून भाग नीटनेटका करायची. गुडघा बरा होऊन तो पुन्हा खेळू लागला, तरी सुटीच्या दिवसांत हे चालूच राहिले. गुरुवारी संध्याकाळी नवा भाग यायचा. मी भाजी निवडत ऐकायचे.

मॅट येण्याआधीच्या, मातीवरच्या कबड्डीच्या जमान्यातले मालोजीदादा हे त्याचे आवडते पाहुणे.

"दादा, तुमी माझी पयली पकड केली तवा मी किती दिवस लंगडलो, ठाव हाय?"

"लंगडलास म्हणून तर लक्षात राहिलास रं. नायतर तुझ्यासारखे छप्पन आले नि गेले."

एका भागात हरेशने स्वतःची गंमत सांगितली. एका सामन्यात पकडीमध्ये कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानामागे बसला. तो उठला आणि सरळ समोरच्या संघात जाऊन उभा राहिला. त्यांच्याच खेळाडूने खांद्याला धरून त्याला परत पाठवले. "मी म्हटलं, पावणा आलोय, चहा तरी पाजा!" मालोजीदादा खूप हसले. मीही हसले.

गेल्या वर्षी त्याच्या बोलण्यात फरक पडला. प्रश्न विचारण्याआधी तो थांबू लागला. दोन क्षण, कधी तीन. वाक्याच्या मध्येही थांबे. ऐकणाऱ्यांना ते फार आवडले. 'हरेशदादा आता विचार करून बोलतो,' असे लोक खाली लिहीत. मला तर हा माझाच विजय वाटला. आठवीपासून ज्याला थांबायला सांगत आले, तो तिशी ओलांडल्यावर थांबायला शिकला होता. मी मुद्दाम फोन केला. म्हटले, "शाबास. आता खरा वाचायला शिकलास. कालचा भाग फार आवडला."

तो खूश झाला. घरचे, शेतीचे बोलला. मग जरा वेळाने म्हणाला, "बाई, कालचा भाग ऐकला का? आवडला?"

कौतुक दुसऱ्यांदा ऐकायचे आहे लबाडाला, असे मला वाटले. मी पुन्हा तेच सगळे सांगितले.

यंदा जूनमध्ये विनिता एकटीच घरी आली. पाणीसुद्धा न पिता तिने फोन टेबलावर ठेवला. "बाई, मी जे कापते ना, ते टाकून देत नाही. सवय आहे. ऐकता का थोडं?"

पहिल्या वर्षाच्या तुकड्यांत खोकला होता, कोंबडा होता, दारावर आलेल्या मासळीवालीची हाक होती. एका भागाचे तुकडे चार मिनिटांत संपले. दुसऱ्या वर्षाचे एकेका भागाचे तुकडे नऊ-नऊ मिनिटांचे होते. शेवटचा तुकडा मागच्याच आठवड्यातला, एकवीस मिनिटांचा. त्यात मालोजीदादांचा आवाज आला.

"तिसऱ्यांदा इचारलंस रं. उत्तर बदलंल म्हणून इचारतोस का?"

हरेश हसला. मग शांतता. गोधड्यांच्या खोलीतली ती शांतता फार जवळची वाटत होती, कानाशी कुणी तोंड आणावे तशी. आणि मग हरेशचा आवाज, अगदी सभ्य, परक्या माणसाशी बोलताना असतो तसा: "तुमचं नाव काय म्हणालात?"

लांबून विनिताचा दबका आवाज आला, "मालोजीदादा." त्याने ते नाव उचलले आणि मुलाखत पुढे सुरू झाली. लोकांनी ऐकलेल्या भागात यातले काहीच नव्हते.

"पाहुण्याचं नाव मी हल्ली कागदावर लिहून समोर धरते," विनिता म्हणाली. "चार वर्षांत पाच वेळा डोक्याला लागलंय. डॉक्टर म्हणाले, आता एकसुद्धा धक्का नको. हा म्हणतो, दमलोय फक्त. सोमवारी शिबिराला निघतोय. तुमचं ऐकेल तो."

मी शाबासकी दिली होती, हे तिला सांगायचे माझ्याच्याने झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने कशेळ्याला गेले.

हरेश अंगणात बॅग भरत होता. मला पाहून आनंदला, खुर्ची पुसून दिली. विनिताने त्याला भाताच्या खोलीत बसवले, कानांना हेडफोन लावले आणि ती एकवीस मिनिटे सुरू केली. आम्ही दोघी दाराशी उभ्या होतो. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हते, फक्त त्याचा चेहरा दिसत होता. आधी तो गमतीने हसला. मग त्याने मान वर करून विनिताकडे पाहिले, आणि पुन्हा खाली घातली. मधेच तुकडा थांबवून त्याने थोडा मागे नेला आणि तीच जागा पुन्हा ऐकली.

"हे तू कापत होतीस?" हेडफोन काढून त्याने विचारले.

"हो."

"का?"

"लोक हसले असते तुला."

हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत तो थांबला. त्याच्या थांबण्याची आता मला भीती वाटू लागली होती.

"डॉक्टर सांगत व्हते तवा मी घरी येऊन आपला भाग ऐकायचो," तो म्हणाला. "दर गुरुवारी. म्हणायचो, हा माणूस चांगला बोलतोय की. एक नाव चुकत नाय. डॉक्टरला काय कळतंय? तू मला रोज पास करत व्हतीस गं. मग मला कळणार कुठून?"

विनिता दाराच्या चौकटीला टेकली. मीही त्याला पास केले होते, आणि तेही शेरा लिहून. ते मी त्याला तिथेच सांगितले. त्याला तो फोन आठवत नव्हता.

"काय कापू नकोस," तो विनिताला म्हणाला. "सगळं टाक. जसं हाय तसं."

त्या गुरुवारी तोच भाग, या वेळी न कापता, पुन्हा लोकांसमोर गेला. पहिले दोन दिवस लोक हसले. त्यांना वाटले, हरेशदादा मालोजीदादांची फिरकी घेतोय. शनिवारी संघाच्या कचेरीतून फोन आला, हे ताबडतोब काढा. त्याने काढले नाही. सोमवारी तो शिबिराला गेला नाही, आणि त्याच्या जागी दुसरा चढाईपटू घेतल्याचे आठवड्यात कळले.

दुसरे फोन मात्र विनिताला येऊ लागले. पहिला कुंभिवलीच्या एका खेळाडूच्या बायकोचा होता. तिचा नवरा अठ्ठावीस वर्षांचा. "आमचे हे गाडी लावतात आणि कुठं लावली ते इसरतात," ती म्हणाली. महिन्याभरात असे सात फोन आले. ज्या खेळाडूंच्या घरून ते आले, त्यातले चार जण अजून खेळत आहेत. मालोजीदादांच्या सुनेचाही फोन आला होता.

हरेशचे विसरणे इथेच थांबेल का, असे मी त्याच्या डॉक्टरांना विचारले. थांबेल किंवा थांबणार नाही, असे ते म्हणाले.

हरेश सध्या कशेळ्यालाच असतो. सकाळी गावातल्या मुलींना चढाई शिकवतो, स्वतः पकडीत उतरत नाही. पॉडकास्ट चालू आहे. प्रश्न आता विनिता विचारते. महिन्यातून दोनदा ती त्याला तपासणीसाठी पनवेलला नेते. गाडी तीच चालवते.