लंगड्याची उडी

जेबेझ टफ्रीच्या बापाने ती धून एका फिरत्या कल्हईवाल्याकडून उचलली, तेव्हा ती अगदी सरळ होती. त्यांच्या इंग्लिश खेड्यातल्या मॉरिस नाचात सहा गडी असत, पायाला घुंगरं, हातात रुमाल. त्यातला एक, जेबेझचा चुलता, घोड्याने लाथ मारल्यापासून लंगडायचा. उडी घेऊन तो खाली येईपर्यंत ताल पुढे निघून जाई. म्हणून बाप तिथे फिडलवर, म्हणजे आपल्या गावठी व्हायोलिनवर, सूर धरून ठेवू लागला. भावाचे पाय जमिनीला टेकले, की मगच पुढे. चुलता गेला, बाप गेला, तो थांबा मात्र धुनेत तसाच राहिला. पुढे धडधाकट पोरंही तिथे मुद्दाम उंच उडायला लागली. गाव त्या धुनेला ‘लंगड्याची उडी’च म्हणायचं.

जेबेझ शेतांची कुंपणं राखायचा आणि वसंत सरताना येणाऱ्या व्हिट्सनच्या सणाला फिडल वाजवायचा. त्याचा एकुलता एक मुलगा एमॉस नाचात पुढच्या जोडीत असे. पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत एमॉस गेला, नाचातले आणखी तिघे गेले. जेबेझने फिडल खुंटीला अडकवली. कामावर जायचा, ताटात पडेल ते खायचा, झोपायचा. रडू आलं नाही. येईल म्हणून त्याने बरेच दिवस वाटही पाहिली.

महायुद्ध संपल्यानंतरच्या वसंतात एमॉसची बायको केझाया समोर येऊन उभी राहिली.

“मामंजी, यंदा आम्ही बायका नाचणार आहोत.”

“नाचा की.”

“आणि वाजवणार कोण? तुमचं डुक्कर?”

“बायकांनी कधी केलाय मॉरिस?”

“आणा पुरुष. आम्ही बसतो घरी.”

त्याने फिडल खाली काढली, तारा बदलल्या.

सणाच्या दिवशी दारूच्या गुत्त्यासमोर सारा गाव जमला. थांबा आला तसा त्याच्या हाताने आपोआप सूर धरला. सहाही जणी हवेत गेल्या आणि सहा वेगवेगळ्या वेळी खाली आल्या.

“पोत्यातले बटाटे ओतले रे कुणी!” म्हातारा रूबेन ओरडला. तोही एके काळी नाचलेला. लोक हसले, आणि हसता हसता कित्येकांचे डोळे भरले. रूबेनने तर पेल्यात तोंड खुपसलं.

आता आपल्यालाही काहीतरी होणार, असं जेबेझला वाटलं. काही झालं नाही. बोटं हुळहुळत होती, तेवढं कळलं.

घरी जाताना केझायाने विचारलं, “काही वाटलं?”

“नाही.”

“मलाही नाही,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी वाजवाल?”

“वाजवीन.”

पुढे काही वर्षं त्याने वाजवलं. मग बोटं आखडली, तेव्हा फिडल केझायाला शिकवली. ती तो सूर त्याच्याहून जास्त ताणायची, कारण नाचणाऱ्या बायकांत एक चांगलीच जाडजूड होती. जेबेझने कधी टोकलं नाही.

“बरं वाजवतेस,” एकदा एवढंच म्हणाला. तिने मान हलवली, आणि दोघं जेवायला बसली.