चुलीपुढचं कोर्ट

वकिलीचा अभ्यास करणारे पुष्कळ पाहिले, पण स्वतःशीच कडाडून भांडून स्वतःकडूनच हरणारे माझे धाकटे दीर एकटेच. स्वातंत्र्याच्या आधीची चार-दोन वर्षं असतील. भाऊजी पुण्याला लॉ कॉलेजात होते आणि परीक्षेच्या तयारीला काष्टीला घरी येत. वाचलेलं डोक्यात राहायचं तर ते कुणापुढे तरी मांडावं लागे, आणि जागेवरून हलू न शकणारी श्रोती घरात एक मीच. तवा चुलीवर असल्यावर जाणार कुठे? अंगात ह्यांचा काळा कोट, खाली धोतर, अशा थाटात ते मला "न्यायमूर्ती महाराज" म्हणून नमस्कार करीत. वादीची बाजू माठापाशी उभं राहून मांडायची, प्रतिवादीची जात्याजवळ, आणि घाम पुसून पुन्हा माठापाशी धावायचं. निकाल मी द्यायचा, तोवर भाऊजी जेवणार नाहीत! एकदा दारात आलेल्या गड्यानं विचारलं, "धाकलं मालक कुनासंगं भांडत्यात वो?"

"स्वतःशीच," मी म्हटलं.

"मंग जितलं कोन?"

हरणाऱ्या बाजूचा भाऊजींना इतका कळवळा येई की जिंकल्याचा आनंद त्यांना कधी झालाच नाही.

मामंजींनी मात्र त्यांना शिकवलं ते एका दाव्यासाठी. विहीर दोन घरांची सामाईक. माझ्या चुलत सासऱ्यांची मोटेची पाळी मामंजींनी बंद केली होती. त्यांचा ऊस वाळायला लागला तसा त्यांनी श्रीगोंद्याच्या कोर्टात दावा लावला. "पास हो, सनद घे, मग बघतो त्याच्याकडे," असं मामंजी भाऊजींना बजावत.

एक दिवस भाऊजींनी तोच दावा अभ्यासाला घेतला. काकांच्या बाजूनं असे बोलले की तव्यावरची भाकरी करपली तरी मला भान नव्हतं. मग वडिलांची बाजू मांडायला जात्याजवळ गेले आणि नुसतेच उभे राहिले. "निकाल द्या, वहिनी," एवढंच म्हणाले. मी भीत भीत म्हटलं, "पाळी काकांना द्यायला हवी." मान वर केली तर दारात मामंजी!

"बाबा, मीच विचारलं त्यांना," म्हणत भाऊजी मध्ये आले. एरवी माझ्याशी थेट न बोलणाऱ्या मामंजींनी त्यांना बाजूला सारलं. "का गं, सूनबाई?"

पदर सावरत मी म्हटलं, "विहीर दोघांच्या आजोबांनी खणली. मग पाणी एकट्याचं कसं?"

ते आल्या पावली निघून गेले. दुसऱ्या दिवशी काकांचे बैल विहिरीवर आले.

भाऊजी पास झाले, कोपरगावला वकिली केली, पण ती बेताचीच चालली. समोरच्याचं पटलं की भाऊजी भर कोर्टात मान डोलवायचे. आता ते नाहीत. त्या घरानं मला मीठ किती, पाहुणे किती, हे जन्मभर विचारलं. न्याय काय, हे विचारणारे भाऊजीच पहिले. त्यांच्यामागे कुणी विचारलंही नाही.