अंजूरात परदेशी कोन न्हाय

नैरोबीहून निघताना माझ्या लेकीनं, अन्वितानं, विचारलं होतं, "आई, कापड आणायला एवढ्या लांब कशाला? इथं मिळत नाही का?" मी म्हटलं, "मिळतं, पण भिवंडीच्या भावात मिळत नाही." शाळेचे गणवेश शिवण्याचा माझा धंदा, तेव्हा उत्तर खरंच होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घरात आम्ही दोघीच. सोळा वर्षांच्या पोरीला शेजारच्या कुटुंबाकडे सोपवलं, दोनेक आठवड्यांत येते म्हणाले आणि विमानात बसले. पुढं काय झालं ते आपल्या नैरोबीच्या मराठी मंडळींनी फोनवर तुकड्यातुकड्यानं ऐकलंय आणि प्रत्येकानं आपापलं तिखटमीठ लावलंय. म्हणून एकदाचं सलग लिहून काढते.

ठाणं मागं टाकून कशेळीचा खाडीपूल ओलांडला की भिवंडी आली, असं टॅक्सीवाला म्हणाला. मला दिसली ती नुसती गोदामं. मैलोन् मैल पत्र्याची छपरं, मागं लावलेले ट्रक, आणि मध्येच एखादं भाताचं शेत, चुकून राहून गेल्यासारखं. नारपोलीत उतरले आणि कान बंद झाले. गल्लोगल्ली पॉवरलूमचे कारखाने, खिडक्यांच्या गजांना सुताची धूळ चिकटलेली, आणि आतून अखंड खडखडाट. चहावाल्याला साखर कमी टाक म्हणून सांगायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे. अहो, लॉजमधली माझी खोली लूमच्या भिंतीला भिंत लागून होती. पहिल्या रात्री वाटलं, आपण इथं वेडे होणार. तिसऱ्या रात्री गाढ झोपले.

मग एका सकाळी तो आवाज बंद पडला आणि मला दचकून जाग आली. लॉकडाऊन लागला होता. विमानं बंद, कारखाने बंद. लॉजचा मॅनेजर दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, विदेशी पासपोर्टवाला कस्टमर अभी नहीं रख सकते." मी त्याला अस्सल मराठीत झाडला, पण त्याचा काही उपयोग नव्हता. माझं मराठी कितीही अस्सल असलं तरी पासपोर्ट केनियाचा.

ज्यांच्या दापोड्याच्या गोदामात माझं कापड पडून होतं ते हरेश्वरदादा तेव्हा धावून आले. खाडीकाठच्या अंजूर गावचे हे शेतकरी. वडिलांच्या भातशेतीवर गोदाम बांधलं, तरी अजून कंबरेला टॉवेल गुंडाळून हिंडणार. म्हणाले, "सामान उचला. घरी चला." त्यांच्या मोटारसायकलवर मागं बॅग धरून बसले. गावाच्या तोंडाशी बांबूचा अडसर होता आणि चारपाच पोरं तोंडाला रुमाल बांधून पहाऱ्याला बसलेली. बाहेरच्या माणसाला गावबंदी.

"दादा, ही कोन?"

"मावसबहीण हाय माझी. पनवेलची."

पापणीसुद्धा लवली नाही हो या माणसाची! बांबू वर गेला, आणि मी पनवेलची झाले.

दादांच्या बायको सुनंदावहिनी. आवाज असा की ओट्यावरून हाक मारली की खाडीतल्या होडीनं मागं वळून बघावं. पहिल्या जेवणाला त्यांनी निवट्या (खाडीच्या चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे) तिखट करून तांदळाच्या भाकरीबरोबर वाढल्या. तो मासा चिखलावर चालतो हे मी संध्याकाळीच बघितलं होतं, त्यामुळं घास घशाखाली जाईना. वहिनी म्हणाल्या, "लाजतंस काय? मावसबहीण तू, न खाऊन कसं चालंल?" चौथ्या दिवशी मी मागून घ्यायला लागले. खाडीकडं संध्याकाळी फिरायला जायचे. एका बाजूला भरतीचं पाणी आणि तिवरांची झाडं, दुसऱ्या बाजूला गोदामांची रांग, आणि कुठंही एक ट्रक हलत नव्हता.

माझं बिंग फुटायला आठवडाही लागला नाही. नैरोबीच्या दुकानातल्या बाईशी मी फोनवर स्वाहिलीत भांडत होते. नळावर पाणी भरणारी एक बाई हंडा खाली ठेवून म्हणाली, "पनवेलला कवापासून असं बोलाला लागले?" माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती मात्र खो खो हसत सुटली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. पण मी तोवर दादांच्या गोदामातल्या तुकड्यांचे मास्क शिवून घरोघर वाटले होते, पहाऱ्यावरच्या पोरांनाही दिले होते. कुणी चकार शब्द काढला नाही. उलट गावानं मिळून मला लपवायचं ठरवलं. शेजारच्या गावात दुबईहून आलेल्या एकाला गाडीत घालून नेलं होतं आणि घराला पत्रे ठोकले होते, अशी बातमी फिरत होती. त्यामुळं खाकी कपडा दिसला की गाव सावध होई.

इकडं माझा व्हिसा संपत आला होता, आणि तिकडं नैरोबीत शेजारचं कुटुंब आजारी पडलं. नवरा-बायको दोघंही इस्पितळात, मुलं नातेवाइकांकडे. अन्विता आमच्या घरात एकटी. फोन केला की म्हणायची, "आई, मी मस्त आहे." काय खाल्लंस विचारलं की म्हणायची, उगाली (मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा) आणि अंडं. काल? उगाली आणि अंडं. एकदा खोकली. मी म्हटलं, "हे काय?" ती म्हणाली, "ठसका लागला, झालं." फोन ठेवला आणि मी ओट्यावर बसून रडले, आणि तिच्यावर चिडलेही, मस्त आहे म्हणते म्हणून.

मुंबईहून नैरोबीला एक खास विमान सुटणार असं कळलं. पुढचं कधी, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात बसायचं तर व्हिसाची मुदत वाढवून देश सोडण्याची परवानगी हातात हवी. दादांच्या फोनवरून अर्ज भरला, दादांच्या घराचा पत्ता दिला, त्यांचं पत्र जोडलं. सगळं फोनवर झालं, म्हणजे उत्तरही फोनवरच येणार अशी आमची समजूत. प्रत्यक्ष माणूस चौकशीला येईल हे माझ्या डोक्यात आलंच नाही, आणि मी घरात कुणाला तसं सांगितलंही नाही.

दोन दिवसांनी दुपारी दादा दापोड्याला गेले होते. मी मास्क शिवायला मशीनवर. अडसराकडून एक पोरगा पळत आला. "काकी, पोलीस! केनियाची बाई विचारतंय!" वहिनींनी माझा दंड धरला आणि मला आतल्या खोलीत ढकललं. तिथं तांदळाची कणगी (धान्य साठवायची बांबूची मोठी टोपली) आणि दोरीवर सुके बोंबील. "हू का चू करू नको." माझी पाचावर धारण बसली. आता मला उचलणार, घराला पत्रे ठोकणार, विमान जाणार. मी कणगीमागं अंग चोरून बसले. वासानं शिंक येत होती, नाक दाबून धरलं.

बाहेर पुरुषाचा आवाज. "या पत्त्यावर परदेशी बाई राहते ना?"

"इकरं (इकडं) कोन परदेशी न्हाय, साहेब. खाडीवरच्या देवीची शपथ."

"अर्ज आलाय."

"कोनी खोटाच दिला आसंल."

मग मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज. वहिनी आत आल्या, घामानं डबडबलेल्या, आणि विजयी हसल्या. मीही हसले; 'अर्ज' हा शब्द कानावर पडला होता, पण भीतीनं डोक्यात शिरलाच नव्हता. आम्ही दोघींनी सरबत केलं हो!

दुसऱ्या दिवशी फोनवर उत्तर आलं. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळली नाही, सबब अर्ज बंद. मी ते तीनदा वाचलं आणि मग मला उमगलं. तो माणूस मला न्यायला आलाच नव्हता. मी इथं राहते एवढं लिहून घ्यायला आला होता, आणि मी बोंबलांखाली नाक दाबून बसले होते. मी कपाळावर हात मारून घेतला. वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांनीही मारून घेतला.

विमानाला थोडेच दिवस उरले होते. दादा आणि मी पोलीस ठाण्याकडं निघालो. नारपोलीतल्या गल्ल्या मुक्या होत्या. हमरस्त्यावर लूमचे कामगार डोक्यावर बोचकी घेऊन चालले होते, उत्तरेकडं, रांगच्या रांग. एकाला दादांनी पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, "किधर जाना है, भाई?" तो म्हणाला, "घर." आणि थांबलाही नाही.

पोलीस ठाण्यातले हवालदार म्हणजे त्या दिवशी घरी आलेलेच निघाले. पन्नाशीचे, दमलेले. माझा पासपोर्ट बघितला, माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, मी स्वतः आलेलो. त्या बाईंनी देवीची शपथ घेतली."

"मी आत होते."

"आत कुठं?"

"कणगीमागं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि बाहेर का नाही आलात?"

"तुम्ही मला न्यायला आलात असं वाटलं."

हसावं की ओरडावं हे त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "बरं. उद्या पुन्हा येतो. पण त्याच बाईंचा जबाब लागेल आणि दोन पंच. आणि दादा, आधीच सांगतो. परदेशी माणूस घरात ठेवला, कळवलं नाही, विचारलं तर खोटं सांगितलं. यावर केस होऊ शकते. मी खरं काय तेच लिहिणार."

घरी मी वहिनींना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "राहू दे. तुमच्यावर बालंट नको. मी पुढच्या विमानानं जाईन."

वहिनी भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आनि पोर?"

मी हात धुऊन त्यांच्याशेजारी भाकऱ्या भाजायला बसले.

दुसऱ्या दिवशी हवालदार अंगणात खुर्ची टाकून बसले. कुंपणापाशी बायका, अडसरावरची पोरं, सगळे जमले. गावाला अजून भरवसा नव्हताच. हवालदारांनी माझ्याकडं बोट केलं. "ही बाई कोण?"

पहाऱ्यावरचा एक पोरगा पुढं झाला. "साहेब, आपलीच हाय, दादांची मावस..."

"तू गप ऱ्हा," वहिनी म्हणाल्या. मग पदर खोचून पुढं आल्या. "परदेशी हाय ती. केनियाची. लॉकडाऊनपासून आमच्याकरं ऱ्हाते."

"नातं?"

वहिनी माझ्याकडं बघत नव्हत्या. "काय नातं न्हाय. आमची कोन न्हाय ती."

मला हेच हवं होतं. याच वाक्यासाठी आम्ही ठाण्यापर्यंत धावलो होतो. तरी ऐकताना मी मान खाली घातली.

"मग त्या दिवशी शपथ घेऊन खोटं का सांगितलंत?"

"तुमी तिला गारीत (गाडीत) घालून नेनार वाटलं. पुन्ना तसं वाटलं तं पुन्ना सांगन."

हवालदारांचं पेन थांबलं. दादांनी डोळे मिटले. हवालदार वहिनींकडं एकदा बघून लिहायला लागले आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. "अर्जदार बाईस विलगीकरणात नेतील या गैरसमजातून आधी चुकीची माहिती दिली. गैरसमज दूर झाला. बाई या पत्त्यावर राहतात." खाली वहिनींची सही, दोन पंचांच्या सह्या. उठताना ते म्हणाले, "पुढच्या वेळी शपथ घ्यायच्या आधी विचारा तरी, ताई, कशाला आलोय ते."

विमानाच्या आदल्या दिवशी परवानगी आली. गाडीचा पासही मिळाला. अडसरावरच्या पोरांनी बांबू सलामी दिल्यासारखा वर धरला. दादा ठाणे शहरापर्यंत पुढं मोटारसायकलवर आले. वहिनींनी भाकऱ्या बांधून दिल्या, पण त्या जबाबाच्या दिवसापासून माझ्याशी मोजकंच बोलत होत्या, आणि निघताना ओट्यावरून खाली उतरल्या नाहीत. केसचं भय त्यांच्या मनात बसलंय असं मला वाटलं, आणि रस्ताभर मी स्वतःलाच शिव्या घालत राहिले.

नैरोबीत उतरल्यावर सरकारी वसतिगृहात विलगीकरणाचे दिवस एकटीनं काढावे लागले, ते सगळ्यांना माहीतच आहे. मग घर. अन्वितानं दार उघडलं. वाळली होती, उंच झाली होती, केस स्वतःच वेडेवाकडे कापले होते. मी आधी केसांवरून ओरडले आणि मग तिला जी धरली ती सोडेचना. तिला खरोखरच काही झालं नव्हतं. मस्त आहे म्हणायची ते खरं होतं, पण आईचं काळीज तेवढ्यानं मानत नाही.

दुसऱ्या दिवशी अंजूरहून फोन आला. वहिनीच होत्या. पोचलीस का, पोर कशी, काय जेवली, सगळं विचारून झालं. अन्वितानंही गोड बोलून घेतलं. मी केसचं विचारलं, तर म्हणाल्या, "छे गं, काय न्हाय झालं." मग आवाज खाली आणला.

"माधवी," त्या म्हणाल्या, "रागावलीस काय गं माझ्यावर?"

"कशाला?"

"साहेबासमोर बोलले ना मी. आमची कोन न्हाय म्हनून. सगल्या गावासमोर. तवापासून तुझ्याकरं बघायला तोंड न्हवतं मला."

"अहो वहिनी, ते बोललात म्हणून तर मी लेकीजवळ आहे!"

"तरी पन," त्या म्हणाल्या. "तसं बोलाला नको होतं."

देवीची शपथ घेऊन पोलिसाला खोटं सांगितलं त्याचं या बाईला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. एकदा खरं बोलल्या तेवढंच त्यांना खात होतं, आणि त्याची माफी त्या माझ्याकडं मागत होत्या.