राखेच्या रेघांची वस्ती

मामाजींचं काम बघायला पहिल्यांदा गेलो त्या दिवशी मी शेवंताबाईच्या स्वयंपाकघरातून चपलांसकट आरपार चालत गेलो. ते स्वयंपाकघर आहे हे मला कळलंच नाही, कारण तिथे ना भिंत होती, ना चूल, ना छप्पर. मोकळ्या मैदानात जमिनीवर काळ्या रेघा होत्या आणि एका चौकोनात एक बाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. तिने मान वर केली. "भाऊ, भिंतीतून काऊन येऊन राहिले? दार तिकडं हाय ना." मी मागे फिरलो, रेघेत जिथे फट सोडली होती तिथे चपला काढल्या आणि पाहुण्यासारखा आत आलो. मामाजी हसले नाहीत. माझ्या पायाने पुसलेली रेघ त्यांनी वाकून नीट केली, एवढंच.

मामाजी म्हणजे सौंदडकडचे म्हातारे गवंडी. मूळ नाव कुणी घेत नसे. गावाला ते राखवाले मामाजी. राइस मिलच्या मागे कोंड्याच्या राखेचे ढीग पडलेले असतात. त्यातली पोतंभर राख सायकलला बांधून ते आणत, जमिनीवर पाणी शिंपडत आणि मुठीतून रेघ सोडत. बिडी वळणाऱ्या बावीस बायकांची घरबांधणी संस्था त्यांनी उभी केली होती. नफा कुणालाच नको होता, प्रत्येकीला फक्त दोन खोल्या हव्या होत्या. जागा नगर परिषदेची, बांधकामातला मोठा वाटाही तिनेच द्यायचा, असा ठराव झालेला होता. कुठली नगर परिषद ते लिहीत नाही. माझा नळाचा अर्ज अजून त्यांच्याकडेच आहे.

मी टायपिंग सेंटर चालवतो. सरकारी मराठी मला उत्तम येते असा माझा समज, म्हणून संस्थेचा सचिव झालो. ही बातमी घरी सांगितली तेव्हा बायकोने चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

कागदावरचा नकाशा मामाजींना पटत नसे. ते प्रत्येक बाईला आपल्या जागेवर आणून बसवत आणि विचारत, दिवसभर कुठं बसतेस, पानं कुठं भिजवतेस, सासूची खाट कुठं. ती दाखवेल तसतशी रेघ ओढत. मग तिने आपलं सूप, पानं, कात्री घेऊन एक अख्खा दिवस त्या चौकोनात काढायचा. संध्याकाळी त्यांचा एकच प्रश्न असे, "कुठं अडली, बाई?" जिथे अडली तिथली रेघ हलायची. "घर पायानं मोजा लागते जी, डोळ्याले काय, त्याले सारंच मोठं दिसते," असं मला म्हणायचे. शेवंताबाईने खिडकी तीनदा हलवली. तिच्या भाड्याच्या खोलीत फरशीला डाग पडतात म्हणून घरमालक तेंदूपत्ता भिजवू देत नसे. अशी पाचवी खोली होती तिची. "माह्या घरात मी खोलीच्या मधातच भिजवीन," असं ती त्या मोकळ्या मैदानात बसून सांगायची.

नगर परिषदेत मामाजी कधी खुर्चीवर बसले नाहीत. "बसलो का साहेबाले वाटते, हा बसालेच आला." बाबू म्हणायचा, मंगलवार को देखते हैं. मामाजी प्रत्येक मंगळवारी जात. एका मंगळवारी सुट्टी होती. तरी गेले, बंद फाटकासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "जाऊन आलो. लिहून ठेवा." मी रजिस्टरमध्ये लिहिलं. अशा नोंदींनी आमचं रजिस्टर भरलं, घरांचा मात्र एक दगड बसला नाही.

शेवटी स्थळपाहणीचं पत्र आलं. निधीसाठी अट एकच, जागा मोकळी असावी. मार्च तोंडावर होता, मार्च उलटला की तरतूद परत जाणार. आणि इथे माझं डोकं चाललं. इंजिनिअर साहेबांवर छाप पडावी म्हणून मी बायकांना निरोप दिला की सगळ्यांनी आपापल्या घरात सामानासकट बसा. बसल्या. रेघेबाहेर चपलांचे जोड, आत सुपं, पाण्याच्या गुंड्या, एका चौकोनात तर सासूही खाटेसकट. साहेब गाडीतून उतरले, मोटारीच्या सावलीतूनच बघितलं, काहीतरी लिहिलं आणि गेले. मी मामाजींना म्हटलं, काम झालं. आठवड्याने अहवाल हातात पडला. 'जागेवर बावीस कुटुंबांचा रहिवास आढळला. सबब जागा मोकळी नाही.'

राखेच्या रेघांना अतिक्रमण ठरवणारा माणूस मला भेटायचा होता, पण तो प्रशिक्षणाला गेला होता. म्हणून मी खुलासा टाइप केला. भाषा कमावलेली होती. 'सदर महिला जागेवर केवळ दिवसा वास्तव्यास असतात' हे वाक्य माझं. बाबूने ते लाल पेनाने अधोरेखित केलं आणि म्हणाला, "आपने तो खुद लिख के दे दिया, भाईसाब." तरतूद परत गेली. त्याच पैशातून तलावाकाठी कमान झाली, तिच्यावर दोन सिमेंटचे सारस आहेत.

मामाजी मला काही बोलतील अशी वाट बघत होतो. बोलले असते तर बरं झालं असतं. "तुमी चांगल्यासाठीच सांगितलं जी," एवढंच म्हणाले. "पन आता रेघा पुसा लागतीन. पुढच्या खेपेले फोटो द्या लागते ना, खाली जागेचा." एका सकाळी ते स्वतः खराटा घेऊन गेले. बायका आल्याच होत्या. खराटा चौकोनाजवळ आला की आतली बाई उठायची, सामान उचलायची, दाराच्या फटीतून बाहेर पडायची आणि मगच मामाजी तिचं घर झाडायचे. शेवंताबाई शेवटी उठली. दुपारी मी मोकळ्या जागेचा फोटो काढला. इतकी मोकळी जागा मी आजवर पाहिली नाही.

पुढच्या वर्षी फाइल पुन्हा निघाली. नवे मुख्याधिकारी आले, त्यांना मूळ ठरावाची प्रत हवी होती. ती मिळाली तर संस्थेच्या नोंदणीची मुदत संपलेली. मामाजी मंगळवारी जातच होते. उन्हाळ्यात एका मंगळवारी ते आले नाहीत, आणि दुपारी सौंदडहून फोन आला.

तेराव्याला सगळ्या बायका आल्या होत्या. जेवणं उरकल्यावर शेवंताबाईने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, फाइल कुठवर आली. मी म्हटलं, बघतो. घरी येऊन मशीनवर बसलो आणि सचिवपदाचा राजीनामा टाइप केला. कारण म्हणून 'माझ्या हातून संस्थेचं झालेलं नुकसान' असं लिहिलं. या खेपेला एकही चूक नव्हती. कागद बायकोपुढे ठेवला.

तिने तो शेवटपर्यंत वाचला, घडी घालून माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाली, "छान लिहिला. उद्या शेवंताबाई फाइलचं विचारायला येईल, तिला वाचता येत नाही. तिला तुम्हीच वाचून दाखवा."