पडूबाईच्या छातीवरची पेटी

लाँड्रीवाल्यांच्या सुनेचं खरं नाव घरात कुणाच्या तोंडी नव्हतं. उभ्या उभ्या पडायची म्हणून सासूने तिला पडूबाई केलं, आणि पुढे गिऱ्हाईकंही तेच म्हणू लागली.

पडायची ती बहुतेक इस्त्रीच्या टेबलाशीच. पुढ्यात कपड्यांचा ढीग, पाठीमागे सासूच्या तोंडाचा पट्टा. मध्येच छातीत फडफड सुटायची, दोरीवरचं ओलं फडकं वाऱ्यात फडफडावं तशी. कान बंद, डोळ्यांपुढे अंधार, आणि बाई जमिनीवर. एकदा पडताना तापलेली इस्त्री हातावर आली. कोपराखाली तिच्या टोकाचा डाग उठला, तो कायमचा. सासू धावत आली, ती आधी शर्ट बघायला.

"वाचला बाई शर्ट," ती म्हणाली. "हिचं काय, ढीग दिसला की डोळे फिरतात. ढीग संपला की टुणटुणीत!"

आणि फडफड थांबली की पडूबाई खरोखरच उठून कामाला लागायची. इस्पितळात पोचेपर्यंत नाडी शहाण्यासारखी चालायची. छातीचा आलेख काढावा, तर तोही निर्दोष. नवरा कोपऱ्यात उभा राहून म्हणायचा, "आईचं काही चुकतं असं नाही." लग्नानंतर त्याने एवढं एकच वाक्य पाठ केलं होतं.

आपल्या छातीत काहीतरी बिघडतं, हे एकदा कुणीतरी पकडावं आणि 'ढोंगी' हा शिक्का पुसला जावा, यापलीकडे पडूबाईला काही नको होतं.

शेवटी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला तारा चिकटवल्या आणि एक छोटी पेटी गळ्यात अडकवून छातीवर सोडली.

"एक दिवस, एक रात्र राहू दे. ही फक्त ठोके टिपते, दुसरं काही नाही. पण रोजचं काम जसंच्या तसं करायचं हं. लाड नकोत."

घरी सासूने पेटीवरचा लुकलुकणारा दिवा पाहिला आणि तिची बोलतीच बंद झाली. त्याला कारण होतं. सून किती वेळा टेकते हे बघायला दुकानात कॅमेरा लावला होता तो हिनेच, आणि तोही आवाज पकडणारा. जेवण झालं की मोबाइल कानाला लावून दिवसभराचं ऐकत बसायची. यंत्र लावतात ते दुसऱ्याचं चोरून ऐकायलाच, अशी तिची स्वतःवरून पक्की खात्री. मुलाला न्हाणीघरात ओढून ती कुजबुजली, "डॉक्टरणीने आपलं बोलणं टिपायला पाठवलंय हे. जीभ सांभाळ."

मग त्या घरात जे सुरू झालं, त्याला तिकीट लावायला हवं होतं.

"बाळ, दमलीस का गं? बस हो जरा," सासू पेटीकडे वाकून म्हणाली, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. खुर्ची आली. चहा आला, तोही साखर घातलेला. इस्त्री नवऱ्याने हाती घेतली आणि पहिलीच कॉलर करपवली. "असू दे रे राजा," आई म्हणाली, पण मानेची शीर टरारून वर आली होती.

पडूबाईला सगळं कळत होतं. पेटी बहिरी आहे, एवढंच तर सांगायचं होतं. तिने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात सासूने तिच्या पाठीशी उशी ठेवली. लग्न होऊन आल्यापासून त्या हाताने तिला कधी उशी मिळाली नव्हती. ती गप्प बसली. दुपारी झोपलीसुद्धा. त्या दिवशी घरात वाराच नव्हता, मग फडकं हलणार कसं?

रिपोर्ट आला, काहीही नाही.

पेटी देऊन, रिपोर्ट घेऊन ती दुकानात पाऊल टाकते न टाकते, तोच दिवसभर गिळलेलं सगळं सासूने व्याजासकट बाहेर काढलं.

"काळीज घोड्याचं आणि नाटकं मरणाची! उघडं पडलं ना ढोंग?"

"यंत्र काही खोटं बोलत नाही," नवरा म्हणाला. दुसरं वाक्य शिकला.

छातीत फडफड सुटली. या वेळी पडूबाई टेबलाच्या कडेवर आपटली, कपाळ फुटलं. सासूने तिला ओलांडून इस्त्रीचं बटण बंद केलं.

टाके घालून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्या दिवशी रोजचं काम केलंस ना?"

पडूबाईने खरं ते सांगितलं, उशीसकट. बाई हसल्या नाहीत. "उशीपायी पुरावा घालवलास," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी नवं यंत्र दाखवलं. आगपेटीतल्या काडीएवढं लांब, जरा जाड. छातीच्या कातडीखाली सरकवायचं. तारा नाहीत, दिवा नाही, आणि दोन-तीन वर्षं ठोक्यांवर नजर. ते बसवून पडूबाई घरी आली.

"हेही ऐकतं का गं, बाळ?" सासूने लाडाने विचारलं.

उशी पुढे येण्याआधीच पडूबाई म्हणाली, "नाही आई. ठार बहिरं आहे. ती पेटीही बहिरीच होती. तुम्ही खुशाल बोला."

म्हणजे एक अख्खा दिवस आपण फुकट गोड बोललो! ते दुःख सासूने सुनेवर असं काही काढलं, की आठवडा उलटायच्या आत पडूबाई कपड्यांच्या ढिगावर कोसळली. आणि काडीने पकडलं. ठोके एकाएकी तिपटीने पळत सुटलेले, रक्त डोक्यापर्यंत पोचायलाही सवड नाही.

कुणाकुणाच्या काळजात जन्मापासून एक चोरवाट असते, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ठोका तिच्यात शिरला की तिथेच गरगर फिरत राहतो. पूर्वी यावर गोळ्यांवर दिवस काढायचे. आता मांडीच्या शिरेतून बारीक तार काळजापर्यंत नेतात, चोरवाट हुडकतात आणि तिला नेमका चटका देतात. छाती उघडायची गरज नाही.

"थोडं भाजल्यासारखं वाटेल हं."

"सवय आहे," पडूबाई म्हणाली.

ठोका ताळ्यावर आला. आता तरी कुणी म्हणेल, 'बाई गं, चुकलो आम्ही,' अशा आशेने ती दुकानाच्या पायरीशी आली, तर आत सासू गिऱ्हाइकाला रंगवून सांगत होती.

"त्या शिकलेल्यांना सापडेना, ते मी बाहेर काढलं! मी तोंड सोडलं म्हणून तर रोग वर आला. गोड बोलत बसले असते तर मेली असती पोर!"

गिऱ्हाईक मान डोलावत होतं. त्यात खोटं असं काही नव्हतंच, तेच तर वाईट.

"आलीस? बरी झालीस ना? मग उभी राहा," सासू म्हणाली आणि मुलाच्या वाट्याचा ढीगही तिच्याकडे सरकवला.

पूर्वी बोलणं टोकाला गेलं की निदान कान मिटायचे, डोळ्यांपुढे अंधार यायचा, आणि पुढचं ऐकावं लागत नसे. आता काळीज एका लयीत चालतं. पडूबाईला प्रत्येक शब्द शेवटपर्यंत ऐकू येतो.