एकीच्या देवीचं नाक

तुरानिया रोममधल्या एका टेकडीवर उकडलेले हरभरे विकायची. आमची टांकसाळ तिथेच, यूनो देवीच्या देवळाला लागून. मी नाण्यांवर हातोडा मारायचो आणि दुपारी तिच्याकडे जेवायचो. बाई भारी भांडखोर. हरभऱ्यात मीठ कमी आहे म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी शहरातल्या दोन मोठ्या घराण्यांचा समेट झाला आणि चांदीच्या नाण्यावर कॉन्कॉर्दिया, म्हणजे एकीची देवी हवी, असा हुकूम आला. ठसे कोरणाऱ्या हिलारसला ती काही केल्या जमेना. "ही तर पेंगतेय," म्हणून टांकसाळीच्या साहेबांनी ठसा परत पाठवला.

एका दुपारी तुरानियानं लसूणवाल्या मेनासला असं झाडलं, की तो टोपली उचलून चालता झाला. मग बाईनं डोक्यावरून पदर घेतला आणि शांत उभी राहिली. हिलारसचा घास हातातच राहिला. तो तसाच उठून आत पळाला.

नाणं बाजारात आलं तेव्हा ओळखलं मेनासनंच. "ऐका हो! ही म्हणे एकीची देवी! अख्ख्या टेकडीशी उभा दावा हिचा!"

तुरानियानं नाणं निरखलं. नाक तिचंच होतं. तिचा चेहरा उतरला. देवी कोपेल या भीतीनं ती तडक खाली कॉन्कॉर्दियाच्या देवळात गेली, धूप घातला, बराच वेळ बसली. परतली ती ताठ मानेनं.

"काय म्हणाली देवी?" मी विचारलं.

"काही नाही. रागावली असती तर बोलली असती. मी नाही का बोलत?"

मग लोक तिच्याकडे भांडणं घेऊन यायला लागले. आधी चेष्टेनं, नंतर खरोखर. एकदा दोघं भाऊ आले; बाप गेल्यावर त्यांनी पिठाची गिरणी वाटून घेतली होती. थोरल्यानं जातं नेलं, धाकट्यानं ते ओढणारं गाढव. दोघंही रिकामे बसलेले.

"एकाकडे नुसतं जातं, एकाकडे नुसतं गाढव," तुरानिया कडाडली, "आणि त्या गाढवाहून मोठी गाढवं तुम्ही दोघं! बसा. एका वाडग्यात जेवा आधी."

भाऊ बसले, जेवले. दुसऱ्या सकाळी गिरणी फिरायला लागली. संध्याकाळी त्यांनी तिला ताजा पाव पाठवला. तिनं तो उलटा करून पाहिला.

"खालून करपलाय," म्हणाली, आणि परत पाठवून दिला.