पूजेनंतर बसलेला कॉम्प्युटर

“हात तोडून टाकीन! डब्याले हात लावून तर पाहा!”

ताई नुसती ओरडत नव्हती. कॉम्प्युटरचा डबा फरशीवर उतरवला होता आणि ती त्यावर चढून मांडी घालून बसली होती. समोर शेजारच्या काकांचा मेहुणा, हातात पेचकस, डब्याचे स्क्रू उघडायच्या तयारीत. नेहरू नगरच्या कुठल्याशा क्लासात कोर्स करून तो इतका फुगला होता की आमच्या क्वार्टरच्या दारातून त्याला आडवं यावं लागे.

“हार्ड डिस्क साफ करनी पडेगी, दीदी. मी घरी नेतो. कल शाम तक आणून देतो.”

“उद्या सकाळी कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचा आहे! सगळं याच्यातच आहे. तुम्ही साफ केलं तर वर्ष गेलं ना माझं!”

फ्लॉपीवर उतरवायचं काम तिने नेमकं आजच्या दिवसावर ढकललं होतं. आणि आज डब्यात ना दिवा, ना घरघर. मेलेली म्हैससुद्धा पोट फुगवून काहीतरी हालचाल करते. हे वैद्य मात्र मढ्याचं डोकं साफ करायला निघालेले.

आदल्या दिवशी विश्वकर्मा पूजा झाली होती. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये त्या दिवशी क्रेनपासून पान्यापर्यंत सगळ्यांच्या कपाळी कुंकू लागतं. मेंटेनन्समध्ये हयात घातलेल्या आमच्या बाबांनी घरच्या कॉम्प्युटरचीही पूजा मांडली. आधी ड्यूटीवर घेतात तसा मशीनचा रीतसर, स्वतःच्या नावावर शटडाऊन घेतला, मग झेंडूचा हार, मग अगरबत्ती. नारळ मॉनिटरवरच फोडणार होते. आईने मनगट धरलं म्हणून भिलाईतला पहिला नारळपाणी प्यालेला कॉम्प्युटर होण्याचा मान हुकला.

शेजारचे काका ब्लास्ट फर्नेसवाले. जगातल्या सगळ्या रोगांना त्यांच्याकडे एकच निदान. “भट्टी एकदा थंडी पडली का उठत नाही, भाऊ. खाली शेगडी ठेवून पाहू का थोडी?”

“व्हायरस है,” मेहुणा म्हणाला. कॉम्प्युटर सुरूच होत नसताना त्याला व्हायरस कुठून दिसला, ते विश्वकर्म्यालाच ठाऊक.

बाबा खुर्चीतून हुकूम सोडत होते. “हे पोरगी दिवसरात्र ठोकत बसते. मशीनले रेस्ट पायजे का नाही?”

आईने दारातूनच विचारलं, “करंट येऊन राहिला का त्याले?”

तिन्ही विद्वान असे हसले की भिंतीवरची पाल पळाली. प्लांटची वीज मिळणाऱ्या आमच्या सेक्टरात करंट गेला असं म्हणणं म्हणजे पाप! अख्खा मध्य प्रदेश कंदील शोधत फिरेल, पण आमचा पंखा फिरत राहील, हा आमच्या लोकांचा धर्म होता.

“वहिनी, वर पाहा न जी, पंखा गरगर फिरून राहिला!” काका म्हणाले.

आई धुणं भिजवायला गेली.

इकडे मेहुण्याने ताईला डब्यासकट उचलायची तयारी चालवली. बाबांनी परवानगीही दिली. ताईचा आवाज फाटला, डोळे भरले. तेवढ्यात आई परत आली. ओल्या तळहातावर पांढरा, चिनीमातीचा फ्यूज.

“यांच्या पूजेच्या झब्ब्याच्या खिशात निघाला.”

मेंटेनन्सवाल्यांची रीतच आहे. मशीनला हात लावायचा तर आधी फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे मागून कोणी गाढव बटण दाबत नाही. ज्याच्या नावावर शटडाऊन, त्याला विचारल्याशिवाय मशीन सुरू करायची नाही. कॉम्प्युटरच्या स्टॅबिलायझरचा जाडा प्लग फक्त कूलरच्या सॉकेटात बसे, आणि त्या सॉकेटाचा फ्यूज वेगळा. कूलर कधीच गुंडाळून माळ्यावर गेलेला. मग पंखा फिरणार नाही तर काय!

फ्यूज बसवला. स्टॅबिलायझर टक् म्हणाला, डबा घरघरला. मेहुण्याने पेचकस पाठीमागे लपवला. काका शेगडीची गोष्ट विसरले आणि “मी म्हटलंच होतं,” असं म्हणत घरी गेले. ताईने आधी प्रोजेक्ट दोन फ्लॉप्यांवर उतरवला, त्या छातीशी धरल्या आणि मग बाबांकडे वळली.

“बाबा, सकाळपासून मी रडून राहिली इथं. तुमच्याच खिशात होता. काहून नाही सांगितलं?”

बाबांनी बशीतला चहा संपवला.

“शटडाऊन माझ्या नावानं होता. मले इचारलं का कोणी?”